चाळीस पानी

माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर समाजसेवा या विषयापुढे ‘अ’ श्रेणी छापलेली आहे. गणितात 53, इंग्रजीत त्याहून कमी, आणि समाजसेवेत अ. श्रेणी टक्क्यांत धरत नाहीत, त्यामुळे घरात कुणी तिकडे पाहिलंही नाही. ते अक्षर उधारीवर आणलेलं आहे, हे मला ठाऊक आहे. ज्यांच्याकडून आणलं, त्यांचे आजचे पत्ते माझ्याकडे नाहीत.

1997 ची दिवाळी. आमचं गाव कृष्णाकाठचं, चारी बाजूंनी उसाचं. कारखान्याचं धुराडं सुरू झालं की ओढ्यापलीकडच्या माळावर तळ पडायचा. बीडकडची माणसं ऊसतोडीला बैलगाड्या, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन यायची आणि दोन दिवसांत चटयांच्या कोप्या उभ्या करायची. नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणत. मजूर आणणारा मुकादम आगाऊ उचल देतो ती कोयत्यावर, कारखाना मोजतो तेही कोयत्यावर. माणसांना हत्याराच्या नावानं मोजतात, याचं आम्हाला नवल वाटत नव्हतं. लेकरं तर कुठल्याच मोजणीत नव्हती.

त्या वर्षी आमच्या सरांनी ठरवलं, समाजसेवेसाठी झाडं लावायची नाहीत. (बरंच झालं. दरवर्षी खड्डे तेच असायचे, रोपं तेवढी बदलायची.) शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही सहा मुलींनी तळावर जायचं आणि दोन तास शिकवायचं. प्रत्येकीला प्रकल्पाची वही होती. तिच्यात तारीख, वेळ, केलेलं काम, लाभार्थींची संख्या आणि शेवटी सरांची सही. ‘लाभार्थी’ हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा लिहिला आणि तो लिहिताना मला मोठं झाल्यासारखं वाटलं.

पहिल्या शनिवारी तक्ता घेऊन गेलो. अ अननसाचा. अननस त्या लेकरांनी पाहिलेला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही चित्रातच पाहिला होता. समोर बसलेल्या प्रत्येकाच्या काखेला आणखी एक मूल. कुणी रडतंय, कुणी खडू खातंय. मोठी पोरं उसाचे वाढे विकायला गावात गेलेली. अर्ध्या तासात आमचा वर्ग उधळला.

तेव्हा एक पोरगी पुढे आली. अकरा-बारा वर्षांची असेल, कमरेवर भाऊ. म्हणाली, “ताई, आदी ल्हान्यायला निजवावं लागतंय. मग शिकवा.” तिनं उभ्या केलेल्या बैलगाडीच्या साट्याला लुगड्याची झोळी बांधली, भावाला आत टाकलं, झोळीची दोरी आपल्या पायाच्या अंगठ्यात अडकवली आणि मांडी घालून बसली. “आना पाटी इकडं. माजा पाय गुतलाय.” दोन तास तिचा अंगठा हलत होता आणि हात लिहीत होता. पुढच्या शनिवारी तळावर पाच झोळ्या होत्या.

तिला अक्षर एकही येत नव्हतं, आकडे मात्र सगळे येत होते. बापाच्या खिशातल्या, कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या वाचून ती शिकली होती. एका पावतीवर 1.840 असं होतं. मी शहाणपणानं विचारलं, हे किती? “दोन टनाला एकशेसाठ किलो कमी,” ती झोळी हलवत म्हणाली. दशांश अपूर्णांकांनी मला सातवीपासून रडवलं होतं. त्या दुपारी पाचटाच्या वासात, टिंबानंतरचे तीन आकडे म्हणजे किलो, हे माझ्या डोक्यात एकदाचं बसलं. पुढे त्या 53 मधले निदान पाच-सात गुण तिचे होते.

मग आम्ही तक्ता गुंडाळून ठेवला आणि पावतीवरूनच शिकवू लागलो. ऊस, गाडी, वजन, काटा. ‘ऊ’ तिनं असा गिरवला की शेपटी पार पानाबाहेर गेली. सरांनी शाळेच्या भांडारातून चाळीस पानी वह्या आणून दिल्या, प्रत्येकाला एक. कोपीत वही ठेवायला कोरडी जागा नसते. ती आपली वही पिठाच्या डब्यात ठेवायची, त्यामुळे उघडली की पानांतून बाजरीचं पीठ सांडायचं.

जानेवारीत आमचे तास भरले. पूर्वपरीक्षा तोंडावर होती. तपासणीला पुरावा म्हणून मुलांच्या वह्या जोडायच्या होत्या. मी स्वतः तळावर जाऊन त्या गोळा केल्या. “तपासून परत देतो,” म्हणाले. तिनं डब्यातून वही काढली, पदराला पुसली आणि दिली. आमच्या फायलीला लाल रिबीन बांधली गेली. तपासणी झाली, फायली शाळेच्या कपाटात गेल्या, आणि आम्ही अभ्यासाला लागलो. तळ तिथेच होता. गळीत आणखी अडीच महिने चालू होतं. शनिवारही येत होते.

परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये सायकलवरून मावशीकडे निघाले होते. गळीत संपून पट्टा पडला होता. रस्त्याकडेला ट्रक उभा, त्यात बैल चढवण्याचा गोंधळ चाललेला. दुसऱ्या ट्रकमध्ये बोचक्यांवर ती बसली होती, मांडीवर भाऊ. मला पाहून उठून उभी राहिली. मला वाटलं हात हलवेल. ती ओरडली, “ताई, आमच्या वह्या?” मी काहीतरी बोलले, आणते, देते, असलं काही. ट्रक निघाला. शाळेला सुट्टी लागली होती आणि कपाटाची किल्ली शिपायाकडे होती. पण हे बहाणे मी नंतर जुळवले. त्या क्षणी मी फक्त पायडल मारलं.

डी.एड.ला असताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल शिकले. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. मुलं अंगणात असतील तर अंगणवाडी तिथंच भरली, आणि गुरं राखायला गेलेल्यांसाठी कुरणशाळा कुरणात गेली. वर्गातल्या इतर मुली याची टिपणं काढून पाठ करत होत्या. मला सारखी पायाच्या अंगठ्यातली दोरी दिसत होती.

नोकरी लागली ती बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरावरच्या वस्तीत. शिक्षणसेवक, मानधन 3,000 रुपये. नकाशात मी नेमकी ट्रकच्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला येऊन पोचले होते. दिवाळीनंतर शाळा उघडली आणि 34 पैकी 11 मुलं उरली. आमच्याकडे दिवाळीनंतर तळ भरायचा, म्हणजे इथे वर्ग रिकामा व्हायचा. हे एवढं सोपं गणित मी पावतीवरही मांडलं नव्हतं. कुठल्या गावचे, कितवीत होतात, परत गेल्यावर शाळेत घेतात का, यातलं काहीच मी तळावरच्या त्या पोरीला विचारलं नव्हतं. माझ्या वहीत तेवढा रकाना नव्हता.

तेव्हापासून कारखान्यांवरच्या साखरशाळा पाहिल्या, हंगामी वसतिगृहं पाहिली, 1 एप्रिल 2010 ला शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला तो पाहिला. आजीकडे मागे राहिलेली मुलं वसतिगृहांमुळे टिकली, हे खरं. पण धाकटं भावंड सांभाळायला एक पोरगी लागतेच, आणि ती ट्रकमध्ये चढतेच.

माझ्या शाळेच्या व्हरांड्यात दोन हूक ठोकलेले आहेत, झोळीसाठी. एका साहेबांनी विचारलं, “हे काय, पाळणाघर आहे का?” मी म्हटलं, “साहेब, वर्ग आहे. ऐकून पाहा, शांत आहे.” ते हसले नाहीत, पण शेऱ्यातही लिहिलं नाही.

आणि वह्या मी गोळा करत नाही. तपासायची ती मुलाशेजारी बसून, आणि तिथल्या तिथे हातात परत. गेल्या नोव्हेंबरात वस्तीवर ट्रॅक्टर आला तेव्हा अंधारच होता. तिसरीतली एक पोरगी धावत माझ्या खोलीशी आली. कमरेवर बहीण, बगलेत वही.

“मॅडम, ही जमा करू का न्हेऊ?”

“ने. पिठाच्या डब्यात ठेव.”

“पिठाच्या?” ती हसली. खालून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला.