टिकलीमागचा गोंद

"सौंदर्यप्रसाधनांत टाळावेत असे दहा घटक" अशी एक यादी दर दोन-तीन महिन्यांनी मला कुणीतरी पाठवतं. पॅराबेन, सल्फेट, थॅलेट... नावं वाचूनच घाबरायला होतं. मग मी शांपूची बाटली उलटी करून बघते, यादीतली तीन-चार नावं सापडतात, बाटली परत जागेवर ठेवते आणि त्याच शांपूनं केस धुते. तुमचंही बहुतेक असंच होत असणार.

या याद्यांमध्ये टिकली मात्र मी अजून पाहिलेली नाही. शांपू दोन मिनिटं डोक्यावर राहतो आणि वाहून जातो. टिकली सकाळी लावली की रात्रीपर्यंत त्याच जागी, आणि ती जागा तीस-चाळीस वर्षं बदलत नाही. पण टिकलीला आपण प्रसाधन समजतच नाही. ती आपल्या अंगाचाच भाग झालेली असते.

माझी आजी कुंकू लावायची. आधी मेणाचं बोट, त्यावर पिंजर. ते कुंकू हळकुंडाला लिंबाचा रस आणि टाकणखार यांची पुटं देऊन केलेलं असायचं. हळदीतला पिवळा रंग खार मिळाला की लाल होतो. पुढे बाजारात स्वस्त, भडक, कृत्रिम रंगांची कुंकवं आली आणि कपाळं खाजायला लागली. सुदान-१ सारखे रंग कुंकवात सापडल्याची आणि त्यांची अॅलर्जी आल्याची नोंद वैद्यकीय लेखनात आहे. आमच्याकडे बायका म्हणायच्या, "हल्लीचं कुंकू लागतं गं." मग टिकलीचं पाकीट आलं. खाज नाही, ओघळ नाही, पदराला डाग नाही. घरातल्या सगळ्या बायकांनी करंडे देवघरात ठेवून दिले आणि आरशांच्या कडांना टिकल्या चिकटल्या.

माझी इचलकरंजीची मावशी त्यातलीच. पन्नाशीच्या आसपास तिच्या कपाळावर, बरोबर टिकलीच्या जागी, एक पांढरा ठिपका आला. त्याआधी तिथे थोडं खाजायचं, पण खाज टिकलीखाली झाकलेली, त्यामुळे लक्ष कोण देतो? ठिपका दिसू नये म्हणून तिनं मोठी टिकली घेतली. काही महिन्यांनी ठिपका त्या टिकलीएवढा झाला. मग आणखी मोठी टिकली...

त्या वर्षी माझ्या मावसबहिणीसाठी स्थळं बघणं चालू होतं. एका घरून सगळं जमत आलं होतं आणि अचानक निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळवून झाली होती. नंतर कुणाच्या तरी तोंडून खरं कळलं, की "मुलीच्या आईला कोड आहे म्हणे." मावशी त्यानंतर हळदीकुंकवाला जायची बंद झाली. शनिवारचे उपास धरले, मासे सोडले, दुधाबरोबर मीठ खाल्लं होतं का ते आठवत बसली. कुणी म्हणालं पूर्वजन्मीचं, कुणी म्हणालं कुळाचार राहिलाय. असा काय दोष घडला माझ्या हातून, हा तिचा एकच प्रश्न.

शेवटी मिरजेला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंना दाखवलं. त्यांनी आधी विचारलं, "टिकली कुठली लावता? काढून दाखवा बघू." टिकली काढली, उलटी केली, डागाशेजारी धरली. मापाला माप! मग मनगट बघितलं, चपलेचे पट्टे बघितले, पाठीवर चाचणीच्या पट्ट्या लावल्या आणि दोन दिवसांनी बोलावलं. निदान झालं, डाग टिकलीमागच्या गोंदानं पडला होता.

हे काही जगावेगळं नव्हतं. टिकलीनं पडणाऱ्या पांढऱ्या डागांवर भारतीय डॉक्टरांचे शोधनिबंध १९८५ आणि १९९० साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापून आलेले आहेत. गुन्हेगार म्हणजे पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल नावाचं रसायन. चिकटपणासाठी जी राळ वापरतात, तिच्यात ते थोडं सुटं राहून जातं. चपला-बूट जोडायच्या गोंदातही ते असतं, म्हणून बाईंनी पाय तपासले.

ते करतं काय, हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्या कातडीला रंग देणाऱ्या पेशी टायरोसिन या द्रव्यापासून रंग बनवतात. या रसायनाची ठेवण टायरोसिनसारखीच असते. पेशी फसते, त्यालाच कच्चा माल समजून कामाला लावते, आणि त्यातून जे तयार होतं ते तिलाच मारतं. प्रत्येकीच्या बाबतीत असं होत नाही. एकाच पाकिटातली टिकली दोघी लावतात, एकीला काही होत नाही. त्यामुळे "मी इतकी वर्षं लावते, मला नाही झालं" हा पुरावा धरता येत नाही.

अशीच गोष्ट १९३९ साली अमेरिकेत नोंदली गेली होती. कातडी कमावण्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हातांवर पांढरे डाग पडले. शोध घेतल्यावर सापडलं, की रबर टिकावं म्हणून त्यांच्या हातमोज्यांत घातलेलं हायड्रोक्विनोनचं एक भावंड त्याला कारण होतं. पुढे हायड्रोक्विनोन जगभर गोरं करणाऱ्या क्रीममधून विकलं गेलं. युरोपनं २००० सालच्या निर्देशानं अशा क्रीममधून ते हद्दपार केलं. २०१३ साली जपानमध्ये कानेबो कंपनीला गोरेपणाची प्रसाधनं बाजारातून परत मागवावी लागली. त्यातल्या रोडोडेनॉल या घटकानं सुमारे १९ हजार लोकांच्या अंगावर पांढरे चट्टे उठले होते. हे द्रव्य झाडाच्या सालीतही सापडतं, म्हणजे अगदी 'निसर्गदत्त'!

'नैसर्गिक' या शब्दाचं आपल्याला फार प्रेम. बिब्ब्याइतकं नैसर्गिक काय असणार? पण त्याचं तेल अंगाला लागलं तर काय होतं ते आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. लहानपणी ताप आला की आई कपाळावर कोलनवॉटरच्या पट्ट्या ठेवायची. जुन्या पद्धतीच्या कोलनमध्ये बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या सालीचं तेल असायचं, आणि त्यात सोरालेन जातीचं द्रव्य. ते मानेला लावून उन्हात गेलं की ओघळ आला असेल तिथे तपकिरी पट्टे उठतात. गंमत म्हणजे आपल्या बावचीत हेच सोरालेन असतं आणि कोडावर बावची लावून उन्हात बसायचा उपाय फार जुना आहे. एकाच द्रव्यानं एकीकडे डाग पडतो आणि दुसरीकडे डाग भरतो. किती, कुठे, किती वेळ आणि कुणाच्या अंगाला, यावर सगळं ठरतं.

अत्तराच्या आणि परफ्यूमच्या बाबतीत पंचाईत वेगळी आहे. बाटलीवर 'फ्रॅग्रन्स' किंवा 'परफ्यूम' असा एकच शब्द असतो आणि त्याच्या पोटात कित्येक द्रव्यं असू शकतात. सुगंधाची कृती हे कंपनीचं गुपित, म्हणून ती सवलत. युरोपनं २००३ साली ठरवलं, की अॅलर्जी करणारी २६ द्रव्यं ठराविक प्रमाणाच्या वर असली तर नावानिशी लिहायची. २०२३ साली ही यादी ८० च्या वर नेली. लिलियल हे फुलांच्या वासाचं द्रव्य वर्षानुवर्षं साबणा-शांपूत होतं. प्रजननाला घातक ठरवून मार्च २०२२ पासून युरोपात त्यावर बंदी आली. आणखी एक गोष्ट, लिमोनीन आणि लिनालूल ही लिंबा-लव्हेंडरच्या वासाची द्रव्यं ताजी असताना सौम्य असतात, पण हवा लागून जुनी झाली की अॅलर्जी करायला लागतात. तेव्हा लग्नातली बाटली अजून जपून ठेवली असेल तर आता निरोप द्या तिला.

मग टाळायचं काय? यादी पाठ करणं मला जमत नाही. मी दोनच प्रश्न विचारते. ही वस्तू अंगावर किती वेळ राहणार? आणि ती बनवणारा मला काही सांगतोय का? अंगावर राहणारी आणि मुकी वस्तू असेल तर सावध. टिकलीच्या पाकिटावर रंग, आकार, संख्या, किंमत सगळं असतं. गोंदाबद्दल एक अक्षरही मी अजून वाचलेलं नाही. म्हणून टिकली रात्री काढायची, घरी असताना कपाळ मोकळं ठेवायचं, आणि खाजलं की त्याच दिवशी थांबायचं, मोठी टिकली लावून झाकायचं नाही.

'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुडीत बहुतेक वेळा पीपीडी म्हणजे पॅराफिनिलिनडायअमीन असतं. खरी मेंदी काळी होत नाही, तांबूसच होते. तेव्हा पुडीवरची नावं वाचून, आधी कानामागे थोडंसं लावून दोन दिवस थांबायचं. पूर्वी कधी कलपानं चेहरा सुजला असेल तर मात्र ही परीक्षाही नको, तो कलपच नको. आणि ज्याच्यावर कंपनीचा पत्ता नाही, घटक नाहीत असं आठ दिवसांत गोरं करणारं क्रीम घरात आणायचंच नाही. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे १५ रुग्ण आढळले, आणि त्यातले १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. संशय क्रीममधल्या पाऱ्यावर होता. पारा कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडाला मारतो. टिकलीचा डाग निदान दिसतो तरी.

मावशीला टिकली सोडायला सांगितली तेव्हा ती मला म्हणाली, "अगं, तुला बोलायला सोपं आहे. काका आहेत अजून, मी कपाळ मोकळं ठेवून खाली दुधाला गेले तर चार जणी विचारतील." शेवटी तिनं बाहेर जाताना देवाच्या हळदीचं नुसतं बोट टेकवायला सुरुवात केली. वर्षभरात डागाच्या कडा भरत आल्या, मधला ठिपका मात्र राहिला. मावसबहिणीचं लग्नही पुढे झालं. मावशी भेटेल त्याला सांगायची, "कोड नव्हतं हो, गोंद होता."

तिची सुटका मला समजते. पण त्या वाक्यानं मी अजूनही अस्वस्थ होते. गोंद होता म्हणून ती निर्दोष ठरली, म्हणजे कोड असतं तर दोषी ठरली असती का? कोडही संसर्गानं होत नाही आणि पापानंही होत नाही. शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच रंगपेशींवर उलटते, एवढंच. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ साली 'नितळ' हा चित्रपट याच विषयावर केला होता. तो बघितला नसेल तर जरूर बघा.

रसायनाचं नाव कळल्यामुळे मावशीचा दोष नाही हे चार लोकांना पटलं, हे चांगलंच झालं. पण ज्या बाईच्या डागाला असं नाव सापडत नाही, तिच्या मुलीचं स्थळ आजही मोडत असेल. लेबलवर सगळं लिहा, अशी मागणी आपण कंपन्यांकडे करतो आणि ती करायलाच हवी. दुसऱ्याच्या कातडीवर आपण जे वाचतो, ते मात्र कुणी लिहिलेलंच नसतं.