मामांची पट्टी

बोर धरणाच्या वाटेवर हिंगणी लागते. तिथं घराच्या पडवीत माझं छोटं वर्कशॉप आहे. चना, तूर, सोयाबीन चाळायच्या चाळण्यांची जाळी फाटली की लोक माझ्याकडे आणतात. जाळीची कड धरायला पत्र्याची अरुंद चॅनेल लागते, आणि हव्या त्या मापाची दुकानात मिळत नाही. ती हातानं वळवता येते, म्हणून माझं घर चालतं. हे कसब मला टिनकाम करणाऱ्या एका मामांनी दिलं.

आयटीआयमधून फिटर होऊन आलो तेव्हा मशीनशिवाय पत्रा सरळ वाकत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. बेंडिंग मशीन घ्यायला पैसे नव्हते, म्हणून नुसतं वेल्डिंग करायचो. मामा धान्याच्या कोठ्या आणि पन्हाळी बनवत. "मशीन कायले पायजे? दोन अँगल अन् एक पट्टी हाय ना," ते म्हणाले. शिकवणीचा पैसा त्यांनी घेतला नाही; कोठ्यांचे रिव्हेट मात्र माझ्याकडून भरपूर ठोकून घेतले.

आधी हिशोब शिकवला. बाहेरून 15, 12 आणि 15 मिलिमीटरची चॅनेल हवी, तर बेरीज 42 होते. पण 20 गेजचा, म्हणजे सुमारे 0.9 मिलिमीटर जाडीचा पत्रा 42 रुंद कापला तर बाजू मोठ्या येतात, कारण वळणावर पत्रा ताणला जातो. दर मोडीला जाडीच्या पावणेदोन पट वजा करायचं. उरतात 39 च्या आसपास. तरीही आधी छोटा तुकडा वाकवून माप बघायचं. मोडीची रेघ पेन्सिलनं, सुईनं नाही. जस्त खरवडलं की गंज तिथूनच धरतो.

पहिली बाजू दोन अँगलमध्ये आवळून लाकडी हातोड्यानं वळवायची. दुसरीला पोटात लोखंडी पट्टी घालायची. एकाच जागी ठोकलं तर कड लाटांची होते, म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत थोडं थोडं. पत्रा मागे फिरतो, तेव्हा बाजू काटकोनाच्या जराशा आत घ्याव्या लागतात. त्यासाठी मामांनी पट्टीच्या दोन्ही कडा कानसेनं किंचित तिरप्या केल्या होत्या. काम झालं की पट्टी लांबीच्या दिशेनं ओढून काढायची. ती पट्टी त्यांनी मला देऊन टाकली.

पुढे वर्ध्याला मगनवाडीत गेलो. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम तिथून चाले, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. 1938 मध्ये गांधीजींनी तिथल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप तिथलाच. हातकामाला इतका मान दिलेला पाहिला आणि मामांना मनातल्या मनात जुन्या पद्धतीचे म्हणायचो, याची लाज वाटली.

स्टेनलेसचं काम आलं तर मी ते वर्ध्याच्या बेंडिंगवाल्याकडे पाठवतो. तो पत्रा फार मागे फिरतो, या पट्टीवर जमत नाही. हेही मामांनीच आधी सांगून ठेवलं होतं.