वई

आमच्या गावी, सिंधुदुर्गात, परसाला वई घालायचं काम दिवाळीच्या मागेपुढे निघायचं. पावसात आधीची वई कुजून आडवी झालेली असे. आबा, म्हणजे माझे आजोबा, चिव्याच्या काठ्या पुरायचे, मधे करवंदीच्या आणि बोरीच्या काट्या दाबून बसवायचे, सुंभाने आवळायचे. शेराच्या फांद्या नुसत्या रोवल्या तरी जगत. पण त्यांचा पांढरा चीक डोळ्यांत जाईल म्हणून आम्हा मुलांना तिकडे फिरकू देत नसत. वई गुरांसाठी, असं सगळे म्हणत. आबांच्या मनात मात्र कोल्हा असे.

कोल्हा कोंबडीसाठी येतो हे खरं, पण तेवढ्यासाठीच नाही. त्याला कलिंगड आवडतं, गळून पडलेला पिका फणस आवडतो, आणि उंदीर तर रोजचाच. त्यामुळे आबांना त्याचा राग नव्हता. सकाळी ते वईच्या कडेने सावकाश फिरत, मातीतले ठसे आणि काट्याला अडकलेले केस बघत. ‘कोल्हो खयसून येता, तां आधी बघूक व्हयां,’ म्हणत. त्याची वाट सापडली की तेवढ्या जागी वई दुहेरी व्हायची आणि बुडाशी, बाहेरच्या अंगाने, चिरे बसायचे. कोल्हा वरून उडी मारण्याआधी खालून उकरून बघतो, हे त्यांनी केव्हाच हेरलेलं होतं. बाकीचं काम आजीचं. दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात आणि खुराड्याच्या दाराला दगड. व्हाळापलीकडून कोल्हेकुई सुरू व्हायच्या आत हे झालेलं असे.

मुंबईतल्या वर्षांत कुंपण म्हणजे सोसायटीची भिंत. मग नवऱ्याच्या नोकरीमुळे लंडनला आले आणि घरामागे अरुंद, लांबलचक बाग मिळाली. शेवटाला लाकडी फळ्यांचं कुंपण, त्यापलीकडे रेल्वेचा रूळ. पहिल्याच जानेवारीत रात्री बाईच्या किंकाळीसारखा आवाज आला नि मी दचकून उठले. शेजारच्या आजींनी सकाळी सांगितलं, ही कोल्ह्याची मादी. हा त्यांच्या मिलनाचा काळ.

इथला कोल्हा खोकडाच्या जवळचा, तांबड्या अंगाचा आणि झुपकेदार शेपटीचा. १९३०च्या सुमारास लंडनभोवती बागा असलेल्या घरांच्या वसाहती पसरल्या आणि त्या बागांतून तो शहरात शिरला. दोन मीटर उंचीचं कुंपण तो चढतो, वीतभरही नसलेल्या फटीतून अंग चोरून जातो. २०११ साली तर ‘शार्ड’ ही गगनचुंबी इमारत बांधून होत असताना एक कोल्हा थेट बहात्तराव्या मजल्यावर सापडला. मजुरांच्या उरल्यासुरल्या अन्नावर तो जगत होता. अशा प्राण्यापुढे नुसती उंची वाढवून काय होणार?

म्हणून मी आबांसारखी आधी वाट शोधली. तो रुळाकडच्या कोपऱ्यातून येई आणि हिरवळ उकरी, कारण तिच्याखाली गांडुळं आणि भुंग्यांच्या अळ्या असतात. शेजारच्या बागेत गुलाबाचे वाफे विस्कटलेले असत. तिथे हाडांची भुकटी खत म्हणून घातलेली होती, आणि तो वास आला की खाली काहीतरी पुरलंय असं त्याला वाटतं. माझ्या मेथी-कोथिंबिरीला मी पालापाचोळ्याचं खत घालते. त्या कोपऱ्यात कोंबड्यांची पातळ जाळी नाही, तर जाड तारेची, सांधे जोडलेली जाळी लावली; पातळ जाळी तो दातांनी तोडतो. ती सुमारे तीस सेंटीमीटर जमिनीत गाडून बाहेरच्या बाजूला वळवली. उकरणाऱ्याला थेट तार लागते. चिऱ्यांचंच काम, फक्त लोखंडात.

विषाचं इथे कुणी नाव काढू नये; कायद्याने ते गुन्हाच आहे. मारूनही उपयोग नाही, रिकामी झालेली हद्द दुसरा कोल्हा घेतो. १९९४ साली ब्रिस्टलमध्ये खरजेची साथ शिरली आणि तिथले बहुतेक कोल्हे गेले. एखाद्या कोल्ह्याचं केस झडलेलं अंग पाहिलेलं माणूस त्याच्या मरणाची इच्छा करणार नाही. गावाकडे आता काही जण शेताभोवतीच्या उघड्या तारेत घरातली वीज सोडतात. त्या तारेला कोल्हा चिकटतो, कुत्रा चिकटतो, रात्री पाण्याची पाळी बघायला आलेला माणूसही चिकटतो. याला कुंपण म्हणायची माझी तयारी नाही. मला ते ऐकूनही संताप येतो.

यंदा मादीने आमच्या शेडखाली पिलं घातली आहेत. मार्चमध्ये जन्मली असणार. एप्रिल सरता सरता तोंडं बाहेर आली. मुलगी खिडकीतून बघते, आणि तिचे बूट मी रात्री आत घेते, कारण पिलं ते खेळायला पळवतात. खायला मात्र काही ठेवत नाही. माणसाच्या हाताची सवय लागलेला कोल्हा पुढे कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरतो, आणि मग लोक त्याच्यावर उठतात. जूनच्या सुमारास ती बीळ सोडतील. तेव्हा तोंडाशी कागदाचे बोळे सैलसर कोंबायचे आणि काही रात्री वाट बघायची. बोळे जागचे हलले नाहीत तर आत कुणी नाही. मग शेडच्या चारी बाजूंना जाळी. ती आणूनही ठेवली आहे.