अंगण खरंच वाकडं असेल तर?

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण मी सहावीत पाठ केली. कॉन्व्हेंटमध्ये मराठी म्हणजे आठवड्यातले मोजके तास आणि वीस म्हणी. अर्थ लिहिला की दोन मार्क! पण एखाद्या वेळी अंगण खरंच वाकडं असलं तर ते ओळखायचं कसं, हा प्रश्न पेपरात कधी आला नाही. तो मला एका जुन्या रायफलने घातला.

मी पारनेरची, म्हणजे सेनापती बापटांच्या गावची. १८८० साली पारनेरला जन्मलेले बापट शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले आणि इंग्रजी राज्याविरुद्ध बोलल्यामुळे ती शिष्यवृत्ती गमावून बसले. त्यामुळे "इंजिनिअरिंगच्या पोरीला बंदूक कशाला?" असं घरी कुणी म्हटलं की मी बापटांचं नाव पुढे करते. त्यात १ ऑगस्ट २०२४ ला आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून घरचे जरा गप्प आहेत.

५० मीटरवरच्या टार्गेटमधलं दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं असतं. जिल्ह्यातल्या एका रेंजवर आम्ही सराव करतो. तिथली जुनी लाकडी पॉइंट टू-टू रायफल आमच्याच तालुक्यातल्या एका ज्युनिअरच्या वाट्याला आली होती. तिच्या पाच गोळ्या आधी रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जायच्या. उन्हाळ्यानंतर त्या बशीएवढ्या पसरायला लागल्या. टीमची निवड तीन आठवड्यांवर. "हात थरथरतात तुझे, जमत नसेल तर सोडून दे," असं तिला सगळ्यांसमोर सांगण्यात आलं. पोरगी शेतकऱ्याची, एस.टी.चे पैसे वाचवून सरावाला येणारी. त्या दिवशी मेसमध्ये जेवलीच नाही.

रेंजवर आर्मररचं काम बघणारे फौजी काका आहेत. ई.एम.ई.मधून रिटायर झालेले. त्यांनी फक्त टार्गेटचा कागद मागितला. बघून म्हणाले, "पोरी, हात थरथरला तर भोकं सगळीकडं पडत्यात. ही बघ, दोन जागी गठ्ठे पडल्यात. तीन इकडं, दोन तिकडं. ही रायफल दोन जागी बसतीय."

मग त्यांनी जे केलं ते आमच्या कुठल्याही प्रॅक्टिकलपेक्षा भारी होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं. आधी काडतुसांचा लॉट बदलला, पसारा तोच. मग माणूस बदलला. त्याच रायफलने मी झोपून पाच गोळ्या मारल्या, आणखी एकाने पाच मारल्या, पसारा तोच! आणि ज्युनिअरने माझ्या रायफलने मारल्या तर पाचही नाण्याखाली. म्हणीचा निकाल इथेच लागला. पण काका थांबले नाहीत. साइट्स हलतात का पाहिलं, नळी साफ केली, नळीच्या तोंडाची कड भिंगाखाली तपासली. सगळं ठीक.

राहिली ती बैठक. रायफलची नळी आणि ॲक्शन लाकडी दस्त्यात बसवून स्क्रूने आवळलेली असते. त्या बसण्याच्या जागेला बेडिंग म्हणतात. काकांनी नळी आणि लाकूड यांच्या सांध्यावर बोट ठेवलं आणि पुढचा स्क्रू हळूच सैल केला. "लाव बोट." नळी लाकडातून उचलली गेलेली मला बोटाला कळली. मग नळीखालून कागदाची पट्टी सरकवली, ती अर्ध्यावर अडकली. म्हणजे लाकूड वाकून एका बाजूने नळीला टेकलं होतं.

कारण साधं आहे. लाकूड पावसाळ्यात फुगतं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात आक्रसतं. त्यात वर्षानुवर्षं साफसफाईचं तेल ॲक्शनमधून मागे झिरपून लाकूड मऊ पडलेलं. पूर्वी कुणीतरी भरलेलं लांबीसारखं बेडिंग तडकून सुटलं होतं. दर गोळीच्या धक्क्याने ॲक्शन किंचित सरकायची. हे दुखणं जुनंच. ऑस्ट्रेलियात लिथगो कारखान्याने पॉइंट थ्री-ओ-थ्री रायफलसाठी मऊ लाकूड वापरलं, तेव्हा धक्का सोसायला आत तांब्याच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या होत्या.

परवानगी घेऊन काकांनी काम काढलं. जुनं बेडिंग खरवडलं, लाकडातलं तेल काढलं, स्क्रूच्या भोकांत ॲल्युमिनियमच्या नळ्या बसवल्या, म्हणजे आवळताना लाकूड दबणार नाही. ॲक्शनला मेण चोळलं, खाचा-भोकं मुलांच्या खेळण्यातल्या मातीने बुजवली (नाहीतर रायफल कायमची चिकटली असती!). मग पोलादाची पूड असलेलं इपॉक्सी भरून ॲक्शन अलगद बसवली. जोर लावून आवळायचं नाही. वाकवून बसवलं तर तो ताण आत कायम राहतो. दुसऱ्या दिवशी काढलं तर ॲक्शनचा हुबेहूब ठसा. शेवटी नळीखालचं लाकूड घासलं आणि कागदाची पट्टी सरसर पुढेपर्यंत गेली. मेकॅनिकलवाल्यांना कळेलच, आपण मशीनच्या पायात ग्राउट भरतो तेच हे.

पुढच्या रविवारी ज्युनिअरच्या पाचही गोळ्या परत नाण्याखाली. निवडीत चौथी जागा तिने घेतली, मी राखीव! वाईट वाटलं का? वाटलं ना, खोटं कशाला बोलू. पण खोट्या निकालाने मिळालेली जागा मला रोज टोचली असती.

मित्रहो, आपल्या होस्टेलमध्ये कुणाचे दोन विषय राहिले की 'त्याला झेपत नाही' म्हणायला आपल्याला एक मिनिट लागतं. तो रात्री कुठे झोपतो, काय खातो, घरून पैसे येतात की नाही, हे तपासायला मात्र कुणाला वेळ नसतो. प्रत्येक वेळी अंगणच वाकडं असतं असं मुळीच नाही. पण माणूस बदलून बघितल्याशिवाय निकाल देऊ नये, एवढं तरी आपण इंजिनिअर म्हणून पाळायला हरकत नाही.

आणि हो, काकांची एक सूचना आमच्या शस्त्रागाराच्या दारावर आता लिहून लावली आहे : 'तेल दिल्यावर रायफल नळी खाली करून ठेवावी.'