नासार्श

नाकात वाढणाऱ्या मांसांकुराला आयुर्वेदाने ‘नासार्श’ असे नाव दिले आहे. नाव अर्थपूर्ण खरे. परंतु तो अंकुर कशाचा, याचा उलगडा नुसत्या डोळ्यांना होत नाही. साधा मोड, बुरशी, कर्करोग ही सारी नाकपुडीच्या अंधारात एकमेकांची सोंगे घेऊन बसतात.

आमच्या शाळेत, ग्वाल्हेरनजीकच्या खेड्यातून येणाऱ्या नववीच्या एका विद्यार्थ्याच्या नाकातून वारंवार रक्त येई. डाव्या नाकपुडीत तांबडीलाल, तुतीसारखी दाणेदार गाठ होती. गावात कोणी ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारला मात्र, वडील मुलाचा दाखला मागायला आले. आता शिकवून काय करायचे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. दाखला मी दिला नाही. बापलेकांना घेऊन नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. गाठीवरचे पांढरे ठिपके पाहून त्यांना अंदाज आला होता, पण ते म्हणाले, “निकाल काचपट्टी देईल.”

गाठ मुळाशी डागून काढली. फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या त्या तुकड्याचे मेणात बसवून अतिसूक्ष्म काप काढले, ते रंगवले. विकृतिशास्त्रज्ञांनी आम्हांलाही सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले. जांभळ्या-गुलाबी भूमीवर जाड कवचाच्या गोल पिशव्या, आणि पिकलेल्या पिशवीत हजारो बीजाणू खच्चून भरलेले! वडिलांनी डोळा लावला आणि उद्गारले, “ये तो अनार है!” मराठीत एम.ए. होऊनही मला इतकी चपखल उपमा सुचली नव्हती. कर्करोगाची पेशी त्या कापात कोठेही नव्हती.

या रोगाला ऱ्हायनोस्पोरिडिओसिस म्हणतात. ब्वेनोस आयरिसच्या गिलेर्मो सीबर यांनी १९०० मध्ये त्याचे वर्णन केले. कलकत्त्यातील रुग्णाची नोंद ओकिनीली यांनी १९०३ मध्ये केली. ॲशवर्थ यांनी १९२३ मध्ये या जीवाचा जीवनक्रम मांडून त्याला बुरशीत बसवले. पुढे १९९९ मध्ये जनुकीय तपासणीने तो बुरशी नसून, प्राणी आणि बुरशी यांच्या फाट्याजवळचा एक निराळाच जीव असल्याचे दाखवले. वर्गीकरणाची ही शंभर वर्षांची ओढाताण आम्हां व्याकरणाच्या मास्तरांना ओळखीची वाटेल! मात्र प्रयोगशाळेतील कृत्रिम पोषकावर हा जीव वाढवता येत नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकाची साक्ष येथे मोलाची.

याचे बहुसंख्य रुग्ण भारतात व श्रीलंकेत आढळतात. साचलेल्या पाण्यात डुंबणे, नदीतील वाळू काढणे यांच्याशी त्याचा संबंध मानतात. एका माणसाकडून दुसऱ्याकडे तो पसरत नाही, हे सहाध्यायांच्या पालकांना मला सभा घेऊन सांगावे लागले. गाठ पुन्हा उद्भवू शकते, म्हणून तपासणीला येत राहावे, अशी डॉक्टरांची ताकीद आहे. गावचे तळे मात्र आहे तेथेच आहे. म्हशी आणि मुले त्यात एकत्रच उतरतात, कारण हातपंपाला वैशाखात पाणी नसते.