भाचीची फी आणि आमची झोप

कडावच्या बाजारात आमची ओळख 'अर्ज लिहून देणारे' अशी आहे. नोकरी खोपोलीच्या एका कारखान्यात हिशेब खात्यातली, शिक्षण बी. कॉम., वय सत्तेचाळीस. सकाळी कडावहून कर्जत, तेथून खोपोलीची लोकल. संध्याकाळी घरी यावे तो पडवीत दोन माणसे बसलेलीच. कोणाचा जातीचा दाखला अडकलेला, कोणाच्या रेशनकार्डात सुनेचे नाव चढत नाही, कोणाच्या मुलाला पोलीस ठाण्यात बसवून ठेवलेले. वीस वर्षे हे असे चालले आहे. यात आम्ही कधी एक पैसा घेतला नाही आणि याचा आम्हाला फार गर्व होता. गर्व होता असे मुद्दाम लिहितो, कारण पुढची हकीकत त्याच गर्वाची आहे.

आमची थोरली भाची मानसशास्त्रात एम. ए. झाली. बाप रेल्वेत गँगमन, आई चार घरी भांडी घासणारी. घरात पहिलीच पदवी आणि तीही असल्या विषयात. पोरगी डॉक्टरही नाही आणि मास्तरीणही नाही, मग ही करणार काय, असे तिची आजी मरेपर्यंत विचारीत राहिली. भाचीने मुंबईत एका संस्थेत समुपदेशक म्हणून तीन वर्षे काढली. जाऊन-येऊन चार तास लोकलमध्ये जायचे. २०२२ च्या ऑक्टोबरात ती विहारात आली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या तयारीची बैठक होती. बैठक संपता संपता तिने सांगितले की नोकरी सोडून कर्जत स्टेशनजवळ खोली भाड्याने घेते आहे, स्वतःचे समुपदेशन केंद्र काढते आहे.

"फी किती?" आम्ही विचारले.

"सहाशे."

"तासाला?"

"पन्नास मिनिटांना, मामा."

बिगारी माणूस दिवसभर घमेली उचलतो तेव्हा त्याला एवढे मिळतात. आमचे डोके फिरले. सर्वांच्या देखत आम्ही म्हणालो, "समाजाने शिकवलं ते समाजाच्या दुःखावर दुकान मांडायला का?" दोघातिघांनी मान डोलावली. भाची काही बोलली नाही. तिने चटई गुंडाळून कोपऱ्यात ठेवली आणि आईबरोबर निघून गेली. त्यानंतर नऊ महिने ती आमच्या दारात आली नाही. आम्हीही तिच्या केंद्राची पायरी चढलो नाही.

मग १९ जुलै २०२३ ची ती रात्र आली. आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या पोटाशी असलेली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सगळी ठाकर माणसे. २७ मृतदेह सापडले. पाऊस, धुके आणि चिखलाचा ढीग यापुढे शोध थांबवावा लागला आणि ५७ जण बेपत्ता राहिले. आमचे मंडळ कपडे, भांडी, धान्य घेऊन चौकला गेले. सामान उतरवून बाकीचे परत आले, आम्ही मात्र रजा टाकून जात राहिलो. कारण तिथे आमच्या हाताला काम होते. वाचलेल्यांची सारी कागदपत्रे मातीत गेलेली. आधार, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक, शाळेचे दाखले. अर्ज लिहायला कोणी तरी हवेच होते.

अर्जात 'कुटुंबातील व्यक्ती' असा रकाना असतो. वाडीतली काही मुले आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. त्यांतला एक पोरगा आमच्यासमोर बसला. आम्ही सवयीने विचारले, घरात कोण कोण? त्याने नावे सांगायला सुरुवात केली. आई, बाप, आजी, बहीण. आमचे पेन चालत होते. चौथे नाव लिहिल्यावर तो म्हणाला, "पण ती नाहीत आता." आम्ही तो कागद फाडला, नवा घेतला आणि त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली.

एवढेच घडले. आमच्या अंगावर दरड पडली नाही, आमचे कोणी गेले नाही. पण त्या दिवसापासून आमची झोप गेली. रात्री दोनला डोळे उघडत आणि रकाना दिसे. पावसाची सर पत्र्यावर वाजली की छातीत धडधड. दिवसा कामात लक्ष नाही. भविष्य निर्वाह निधीच्या तक्त्यात आम्ही एका महिन्याचे आकडे दुसऱ्या महिन्यात टाकले. बावीस वर्षांत असे कधी झाले नव्हते. साहेबांनी बोलावून विचारले, "पिता का हो हल्ली?" पडवीत मात्र माणसे येतच होती आणि आम्ही अर्ज लिहीतच होतो. एके रात्री धाकट्या मुलाने टीव्हीचा आवाज जरा मोठा केला म्हणून आम्ही त्याच्यावर हात उगारला. मुलगा अकरावीत. तो मागे सरला नाही, नुसता बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी आमच्या सहचारिणी आम्हाला न सांगता कर्जतला गेल्या. त्या रविवारी भाची घरी आली. नऊ महिन्यांनी. तिने पाणी घेतले, इकडचे तिकडचे विचारले आणि मग म्हणाली, "मामा, तुम्ही कोणाशी तरी बोलायला पाहिजे. पण माझ्याशी नाही."

आम्हाला वाटले मागचा राग आहे. तसे म्हटलेही. ती हसली. म्हणाली, नात्यातल्या माणसाचे समुपदेशन करायचे नसते. तुम्ही मामा म्हणून बोलाल, मी भाची म्हणून ऐकेन. काही गोष्टी तुम्ही लपवाल आणि काही मला ऐकवणार नाहीत. तिने कल्याणच्या एका बाईंचा पत्ता दिला. फी आठशे. आम्ही गप्प बसलो. विहारातले आमचे वाक्य तिथे पडवीत येऊन बसल्यासारखे झाले होते.

येथे एक गोष्ट सांगतो. दुःख बोलून दाखवणे हे कमकुवतपणाचे, असे आमच्या पिढीतल्या कार्यकर्त्यांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. लढणाऱ्याने रडायचे नाही. पण १९२६ च्या जुलैत राजरत्न गेला, तेव्हा खुद्द बाबासाहेबांनी पुढच्याच महिन्यात दत्तोबा पवारांना पत्र लिहून आपले काळीज मोकळे केले होते. चार लेकरे गमावलेला तो बाप होता. हे पत्र आम्ही जयंतीच्या भाषणात दोनदा सांगितले आहे आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ 'एवढे सोसून ते कामाला लागले' एवढाच लावला. त्यांनी ते मित्राला सांगितले, ही बाजू आम्हाला कल्याणच्या गाडीत बसल्यावर सुचली.

बाईंनी पहिल्यांदा आम्हाला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले. समुपदेशक औषध देत नाही, गोळी लागणार की नाही हे डॉक्टरच ठरवतात. आम्हाला लागली नाही. बाकावर शेजारी बसलेल्या गृहस्थांना लागत होती, ते घेत होते आणि नोकरीही करत होते. मग बाईंनी आम्हाला एक काम दिले, अगदी कारकुनाला शोभेल असे. चौदा दिवस पडवीत कोण आले, किती वाजता आले आणि काम काय होते ते लिहायचे. आम्ही रीतसर तक्ता आखला. चौदा दिवसांत बावन्न माणसे. त्याच दिवशी व्हायलाच हवीत अशी कामे पाच. उरलेल्या सत्तेचाळीस कामांसाठी आम्ही ताटावरून उठलो होतो.

रकान्याची गोष्ट आम्ही चौथ्या बैठकीत सांगितली. त्याबद्दल येथे जास्त लिहीत नाही. पन्नास मिनिटांत चाळीस मिनिटे आम्ही रडत होतो आणि बाईंनी एकदाही 'रडू नका' म्हटले नाही.

सहा बैठका झाल्या, चार हजार आठशे रुपये. आमच्या घरखर्चाच्या वहीत हे कोणत्या सदरात लिहावे असा प्रश्न पडला. शेवटी 'औषधपाणी' मध्ये लिहिले. झोप हळूहळू आली, पाचसहा महिन्यांनी. पत्र्यावरचा पाऊस अजून पूर्वीसारखा वाजत नाही, पण उठून बसावे लागत नाही. पडवी आता मंगळवारी व शनिवारी सात ते नऊ. मंडळातल्या दोन पोरांना अर्ज लिहायला शिकवले आहे. एकाचे अक्षर आमच्यापेक्षा चांगले आहे. सुरुवातीला लोक नाराज झाले. "आता मोठे झाले," असेही कानावर आले.

आता भाचीच्या फीकडे येतो. आम्ही माफी मागायला तिच्या केंद्रावर गेलो. जिना चढून गेल्यावर एक टायपिंगचा क्लास, एक शिंप्याचे दुकान आणि टोकाला तिची खोली. ही जागा तिने मुद्दाम घेतली आहे. जिन्यात कोणी भेटले तरी बाई ब्लाऊज शिवायला आली की मन हलके करायला, हे कळत नाही. खोलीत दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या, भिंतीवर घड्याळ. घड्याळ तिच्यासमोर, येणाऱ्याच्या पाठीशी. माफीचे शब्द आमच्या तोंडून नीट निघाले नाहीत. ती म्हणाली, "मामा, ते राहू द्या. तुम्ही बी. कॉम. आहात ना? मला हिशेब जमत नाही. महिनाअखेर पैसे कुठे जातात तेच कळत नाही."

आम्ही वही उघडली. खोलीचे भाडे ४०००, वीज ५००, जाण्यायेण्याला १२००. आणि ३००० कसले? तर महिन्यातून दोनदा ती स्वतः एका अनुभवी समुपदेशकाकडे जाऊन आपले काम तपासून घेते. नाव न सांगता अडचणी मांडते, कुठे चुकले ते विचारते. दुसऱ्यांचे ऐकून आपल्याच मनावर चढलेला भार तिथे उतरवते. हे पैसे वाचवता येणार नाहीत का, असे आम्ही विचारणार होतो. आमचीच चौदा दिवसांची वही आठवली आणि विचारले नाही. एकूण ८७००. सहाशे रुपयांनी महिन्याला पंधरा बैठका झाल्या तर खर्च निघतो, तिच्या हाती काहीच नाही. पहिल्या महिन्यात झाल्या होत्या अकरा. लावणीच्या दिवसांत तर कोणी फिरकत नाही. वेळ घेतलेली माणसेही एस. टी. चुकली म्हणून येत नाहीत आणि कळवत नाहीत. तो पाऊण तास ती घड्याळाकडे बघत बसते.

"मग दिवसाला सातआठ जणांना बोलाव की," आम्ही म्हणालो. दुकानदारीचा हिशेब! ती म्हणाली, "चारच. पाचव्याला माझे नुसते कान मिळतात."

दर शनिवारी दुपारी मात्र ती शंभर रुपयांत तिघांना वेळ देते. ते पैसे आम्ही हिशेबात धरलेच नाहीत. तिने कारण विचारल्यावर आम्ही वाटवानींची गोष्ट सांगितली. आमच्याच कर्जत तालुक्यात वेणगावला २००६ पासून श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणून, बरे करून, त्यांच्या गावी घरी पोचवतात. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्याचे ते काम. १९८८ साली त्यांना एक तरुण करवंटीने गटाराचे पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला उचलून नेले ते स्वतःच्या खाजगी दवाखान्यात. बरा झाल्यावर कळले की तो शिकलेला पदवीधर आहे. २०१८ साली डॉ. भरत यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा तालुक्यात फलक लागले होते, त्यातला एक आम्हीच लिहिला होता. फी घेणारा दवाखाना होता म्हणून त्या पहिल्या तरुणाला खाट मिळाली, हे फलक लिहिताना आमच्या डोक्यात आले नव्हते. भाची म्हणाली, "मला माहीत आहे. कॉलेजात असताना मी तिथे जाऊन आले."

एक हिशेब आम्ही घरी येऊन केला. आमच्याच वस्तीत, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरांतूनही, माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला की रात्रीच्या अंधारात भगताकडे नेतात. कोंबडे, नारळ, गाडीभाडे, भगताची दक्षिणा, पुन्हा पुढच्या अमावास्येला तेच. असल्या एका घराचा खर्च आम्हाला ठाऊक आहे. त्यात भाचीच्या वीस बैठका झाल्या असत्या. पण भगताला कोणी 'दुकान मांडले' असे म्हणत नाही. आम्हीही कधी म्हटले नव्हते.

ज्यांना फी देणे जमत नाही किंवा जिना चढण्याची लाज वाटते त्यांच्यासाठी सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस' ही फोनसेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. रात्री दोनला आम्हाला हा क्रमांक माहीत असता तर कदाचित कल्याणला लवकर गेलो असतो. तो आता विहाराच्या फळ्यावर आम्ही खडूने लिहून ठेवला आहे; पोरे पुसतात, आम्ही पुन्हा लिहितो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाची वही घेऊन येते. केंद्र रविवारी बंद असते, ती मुलांबरोबर पत्ते खेळते आणि मग आम्ही दोघे आकडे जुळवतो. अलीकडे महिन्याला पंचवीस-सव्वीस बैठका होतात. मार्चमध्ये भाडेकरार संपतो आहे. घरमालक साडेपाच हजार मागतो. म्हणजे खर्च १०,२००. सहाशेने सतरा बैठका लागतील, सातशे केल्यास पंधरा पुरतील. ती म्हणाली, "सातशे करते, शनिवार शंभरच ठेवते." आम्ही वहीत सातशे लिहिले.