वॉशिंग्टनचं लायसन्स आणि गावाची वेस

"केंद्राचा कायदा आहे, त्यापुढे गावाचं काही चालत नाही." हे वाक्य मी दोनदा ऐकलंय. एकदा आंबेगाव तालुक्यात आमच्या गावी, एकदा इथे अमेरिकेत, इंडियानात. पहिल्यांदा डोकं फिरलं होतं. दुसऱ्यांदा मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याबद्दल लिहितोय.

2019 ची गोष्ट. आमच्या टाउनच्या हद्दीत एकाने जागा घेतली. त्याच्याकडे वाघाचे दोन बछडे आणि एक अस्वल. तिकीट लावून लोकांना दाखवायचे, फोटो काढू द्यायचे, असा धंदा. टाउन कौन्सिलने धोकादायक प्राणी ठेवायला बंदी घालणारा ठराव मांडला. सुनावणीत तो माणूस फाइल घेऊन उभा राहिला. म्हणाला, माझ्याकडे फेडरल कृषी खात्याचं लायसन्स आहे, त्यांचे इन्स्पेक्टर येऊन पिंजरे तपासतात. मग तुम्ही पाच जण मला अडवणारे कोण?

मला पटलं. माझी मुलगी तिथून दोन वळणांवर स्कूलबसची वाट बघत उभी राहायची, तरीही पटलं! कारण आपल्या डोक्यात उतरंड पक्की आहे. वर दिल्ली, मग मुंबई, सगळ्यात खाली ग्रामपंचायत. 2014 ला सुप्रीम कोर्टाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती थांबवल्या तेव्हा हेच शिकलो होतो. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा केंद्राचा, त्याच्याशी विसंगत ठरलेला तमिळनाडूचा कायदा टिकला नाही.

घरी येऊन इथला कायदा वाचायला बसलो. 1966 चा ॲनिमल वेल्फेअर ॲक्ट. त्याचा रोख प्राण्याच्या देखभालीवर. पिंजरा केवढा, पाणी, खाणं, डॉक्टर, वाहतूक. प्रदर्शनाच्या वेळी लोकांना धोका होऊ नये एवढं त्याखालच्या नियमांत आहे. पण हा प्राणी या वस्तीत असावा का, हा प्रश्न तो विचारतच नाही. उलट राज्यांना आणि त्यांच्या स्थानिक संस्थांना जादा नियम करायची मुभा कायद्यातच लिहून ठेवलीय.

आणि हा वाद आमच्याच राज्यात आधी होऊन गेला होता. ऑस्टिन नावाचं गाव, टेक्सासचं नव्हे, इंडियानातलं. त्या गावाने हिंस्र प्राणी पाळायला बंदी केली. फेडरल लायसन्स असलेला एक जण कोर्टात गेला. 1994 मध्ये सातव्या सर्किटच्या अपील कोर्टाने सांगितलं की फेडरल कायद्यामुळे गावाची बंदी रद्द होत नाही. बंदी चांगली की वाईट, तो मुद्दा वेगळा.

साधं आहे. ड्रायव्हिंग लायसन्स खिशात आहे म्हणून लक्ष्मी रोडला उलटी गाडी घालता येते का? प्राणी ठेवायचा तर असा ठेव, एवढंच लायसन्स सांगतं. कुठेही ठेवायचा हक्क ते देत नाही.

अण्णांना फोनवर सांितलं तर म्हणाले, "आरं, तिकडं गावाला एवढी पावर? मंग आपल्या शर्यतीच्या टायमाला तू कुठं होता?" मी गप्प. आमच्या दावणीला शर्यतीचा खोंड होता. तेव्हा मी ओरडत होतो की दिल्लीला आमच्या घाटातलं काय कळतं. इथे मात्र वॉशिंग्टनचा शिक्का बघितला आणि शेजाऱ्यांचं म्हणणं क्षुल्लक वाटलं. म्हणजे मला ना केंद्राचं प्रेम, ना गावाचं. ज्या वेळी जे सोयीचं, ते मोठं.

पुढच्या सुनावणीत मी उठून एवढंच बोललो. मागच्या वेळी मी चुकीच्या बाजूने मान डोलावली. ठराव करा, पण प्राण्यांची यादी स्पष्ट लिहा आणि त्या माणसाला मुदत द्या. ठराव झाला, मुदतही मिळाली. मुदत संपायच्या आत तो प्राणी घेऊन निघून गेला. कुठे? ज्या गावात असा ठराव नाही, तिथेच असणार.

ही गावाच्या अधिकाराची मर्यादा. गाव फक्त आपली वेस राखू शकतं, पिंजरा पुढच्या वेशीत जातो. 2011 मध्ये शेजारच्या ओहायोत झेन्सव्हिलजवळ एकाने आपले प्राणी मोकळे सोडले आणि पोलिसांना 18 वाघ, 17 सिंह मारावे लागले. त्यानंतर 2012 मध्ये त्या राज्याने कायदा केला. देशपातळीवर बिग कॅट पब्लिक सेफ्टी ॲक्ट यायला 2022 उजाडलं. त्यातही लायसन्सवाल्या प्रदर्शकांना अटींवर सूट आहे, म्हणजे गावांचं काम संपलेलं नाही.

आपल्याकडे 2023 ला घटनापीठाने महाराष्ट्राची 2017 ची दुरुस्ती मान्य केली. अण्णा खूश. मीही. पण आता "वरचा कायदा की गावाचा?" असं कुणी विचारलं की आधी स्वतःला विचारतो: यात माझा खोंड कुठे बांधलाय?